डॉज डार्ट आणि तिचा तिरका सिक्स: वर्षानुवर्षं चालती ठेवायची असेल तर

माझी डार्ट १९७० ची. चार दारं, फिकट हिरवा रंग, पुढे तिघं बसतील असं सलग बाकडं. २००८ साली मिशिगनमधल्या एका शेतकऱ्याच्या कोठारातून घेतली, तेव्हा छतावर कबुतरांची घाण होती आणि डिक्कीत भोपळे. तेव्हापासून दरवर्षी एप्रिल ते ऑक्टोबर आठवड्यातून दोन-तीनदा मी तिच्यातूनच ऑफिसला जाते. गॅलनला अठरा-एकोणीस मैल देते, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला आठेक किलोमीटर. रस्त्यात बंद पडली ती आजवर चारदा, आणि त्यातल्या तीन वेळा चूक माझी होती.

जुनी अमेरिकन गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मोठं व्ही-एट इंजिन आणि चकाकणारं क्रोम येतं. तसल्या गाडीविषयी मी काही सांगणार नाही. ज्याला गाडी दाखवायची नसून वापरायची आहे, आणि एक-दोन नव्हे तर वीस वर्षं वापरायची आहे, त्याच्यासाठी हे लिहितेय. त्याने सहा सिलिंडरची डार्ट किंवा तिची बहीण प्लिमथ व्हॅलियंट बघावी.

इंजिन हेच का?

डॉज आणि प्लिमथ ज्या कंपनीच्या, त्या क्रायस्लरने हे इंजिन १९६० च्या मॉडेलसाठी व्हॅलियंटमध्ये आणलं. सिलिंडर उभे नाहीत, उजवीकडे ३० अंशांनी कललेले आहेत, म्हणून नाव ‘स्लँट सिक्स’. कलल्यामुळे बॉनेट खाली घेता आलं आणि डाव्या बाजूला इनटेकच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या, लांब नळ्यांना जागा मिळाली. ब्लॉक ॲल्युमिनियममध्येही ओतायचा या हिशेबाने भिंती जाड आखल्या होत्या. ॲल्युमिनियमचा प्रयोग १९६३ मध्ये आटोपला, पण ओतीव लोखंडाच्या ब्लॉकला तो जाडपणा कायमचा मिळाला. १९७६ च्या मध्यापर्यंत क्रँकशाफ्टही फोर्ज केलेला. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. अमेरिकेत मोटारींमध्ये हे इंजिन १९८३ पर्यंत बसत होतं, ट्रकमध्ये त्याहून पुढे. इतकी वर्षं चाललेल्या इंजिनाचे सुटे भाग आजही मिळतात, आणि दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्याला घोड्यांच्या ताकदीपेक्षा हेच कामाचं.

यात १७०, १९८ आणि २२५ घनइंच अशी मापं आहेत. पर्याय असेल तर २२५ घ्या, म्हणजे ३.७ लिटर. महामार्गावर १९८ ला दम लागतो.

बघायला जाल तेव्हा

इंजिन शेवटी बघा. ते बिघडलेलं असलं तरी दुरुस्त होतं; सांगाडा गंजला असेल तर मात्र पैसे बुडाले. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा डबा हाच सांगाडा. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे मिशिगनची गाडी आणि ॲरिझोनाची गाडी कागदावर सारखी असली तरी प्रत्यक्षात नसते.

एक बादली पाणी मागा. पुढच्या काचेखाली हवा आत जाण्यासाठी जाळी आहे, तिच्यावर पाणी सावकाश ओता. मग खाली वाकून पुढच्या गालिच्याखाली हात घाला. हाताला ओल लागली तर जाळीखालची पन्हाळ कुजलेली आहे. तिथे पोचायला वरचा पत्रा कापावा लागतो आणि ते काम महाग आहे. ‘हीटर गळतोय थोडा’ असं विकणारा म्हणाला तर हसा आणि पुन्हा ओता.

यानंतर गाडीखाली जा. पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग नाहीत, लांब टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळल्या जाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे. त्यांची मागची टोकं पुढच्या सीटखालच्या एका आडव्या पट्टीत बसतात. ती पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. आवाज खणखणीत यायला हवा. भदभद आवाज आला किंवा पापुद्रे सुटले तर तिथूनच घरी या. मागच्या पाट्यांची पुढची टोकं जिथे अडकवलेली असतात तिथेही असंच ठोका. डिक्कीतलं रबर उचलून स्टेपनीचा खड्डा बघा. मागच्या मडगार्डांवर कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. चिकटलं नाही तर आत लांबी भरलेली आहे.

नंबर जुळवायला विसरू नका. डॅशबोर्डच्या डाव्या कडेला काचेतून दिसणारी पट्टी असते, तेरा खुणांची. माझ्या गाडीच्या पट्टीवर सुरुवातीचा ‘एल’ म्हणजे डार्ट, ‘४१’ म्हणजे चार दारांची, ‘सी’ म्हणजे २२५ चं इंजिन, ‘०’ म्हणजे १९७०, आणि ‘बी’ म्हणजे हॅमट्रॅमकचा कारखाना. तो ‘डॉज मेन’ १९८० च्या जानेवारीत बंद झाला. पुढे त्या जागेवर जनरल मोटर्सचा कारखाना उभा राहिला. माझ्या घरापासून तो पत्ता अर्ध्या तासावर आहे. पट्टीवरचा नंबर आणि मालकीच्या कागदावरचा नंबर एकेक अक्षर लावून बघा. एक अक्षर चुकलं तरी नोंदणीच्या कचेरीत महिने जातात.

पहिल्या महिन्यात

नवीन मालक सगळ्यात आधी रंगाचा विचार करतो. मीही केला होता. रंग राहू द्या.

आधी ब्रेक. पुढे-मागे चारी ड्रम उघडा, चाकांचे सिलिंडर आणि रबरी होज सरसकट बदला, बरे दिसत असले तरी. होज बाहेरून धड आणि आतून फुगलेला असतो. मग ब्रेक लागतो पण सुटत नाही. ब्रेकचं तेल पूर्ण नवं भरा आणि दर दोन वर्षांनी बदला. सहा सिलिंडरच्या डार्टला नऊ इंची ड्रम असतात आणि आजच्या रहदारीत ते कमी पडतात, यात भाबडेपणा नको. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवा. मी चौथ्या वर्षी १९७३ नंतरच्या डार्टचे डिस्क ब्रेक पुढे बसवले. ते जसेच्या तसे बसतात, पण चाकाच्या बोल्टचं वर्तुळ चार इंचांऐवजी साडेचार इंच होतं, म्हणजे चाकंही बदलावी लागतात. हा खर्च अजूनही मनाला खात नाही. बाकीच्या ‘सुधारणां’पैकी बहुतेकांचा पश्चात्ताप झाला.

चाकांचं निघालं म्हणून सांगते: १९७० पर्यंतच्या गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. बोल्टच्या डोक्यावर बारीक ‘एल’ कोरलेला दिसेल. टायर बदलायला नेलं तेव्हा दुकानातल्या पोराने हवेचा पाना लावला आणि नेहमीच्या दिशेने दोन बोल्ट कडकड तोडले. त्या दिवसापासून डाव्या चाकांच्या टोपीत मी खडूने बाण काढून ठेवते.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, आठवडा आणि वर्ष. दहा वर्षं झाली की नक्षी कितीही ताजी असो, काढून टाका. रेडियल घालणार असाल तर चाकांचं अलाइनमेंट करणाऱ्याला आधीच सांगा की पुस्तकातले आकडे जुन्या पद्धतीच्या बायस टायरचे आहेत, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कल) जास्त हवा. तो ऐकणार नाही. पुन्हा सांगा.

पेट्रोलचे रबरी तुकडे टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळे नवे घाला, इथेनॉल चालणारे. इथे पेट्रोलमध्ये सर्रास दहा टक्के इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर मऊ पडून गळतं, आणि ते गळतं गरम मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या नळ्यांच्या जुडग्याच्या, शेजारी. रेडिएटरचा खालचा होज घेताना आत स्प्रिंग आहे का बघा. नसेल तर पंपाच्या ओढीने तो वेगात असताना चपटा होतो आणि इंजिन तापतं. कारण शोधायला थांबाल तोवर होज पुन्हा फुगून सरळ झालेला असतो.

टॅपेट

या इंजिनाची निगा म्हणजे मुख्यतः टॅपेटचं सेटिंग. १९८१ च्या आधीच्या स्लँट सिक्समध्ये फट आपोआप राखणारे हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट हाताने लावायची: गरम इंजिनावर इनटेकला ०.०१० इंच, एक्झॉस्टला ०.०२० इंच. मिलिमीटरमध्ये पाव आणि अर्धा.

माझे बाबा कुर्ल्याला प्रीमिअरमध्ये फिटर होते. डॉज, प्लिमथ, डिसोटो तिथे जुळवल्या जात तो काळ त्यांच्या आधीचा, पण डॉज आणि फार्गो ट्रकवर त्यांचे हात चालले होते. इथे आले तेव्हा पंच्याहत्तरीला टेकले होते. बॉनेट उघडलं, इंजिन आडवं पडलेलं बघून म्हणाले, “हे काय, झोपलंय का?” मग कान लावून ऐकलं. “किती ठेवलंयस?” मी इंचाचे दशांश सांगायला लागले तर म्हणाले, “म्हणजे दहा थाऊ आणि वीस थाऊ. सरळ सांग ना.” थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

मी आदल्या आठवड्यात फट बारीक केली होती, आवाज नको म्हणून. त्यांना ते पटलं नाही. “अगं, मुकं टॅपेट वाईट. थोडं टकटक करू दे.” कारण साधं आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर टेकतो तेवढ्याच वेळात त्याची उष्णता हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या ओतीव झाकणात, जाते. फट कमी पडली तर तो पूर्ण टेकत नाही, तापतो, आणि एके दिवशी कडेने जळतो. जास्त फटीने फक्त आवाज होतो आणि थोडी ताकद जाते.

पुस्तकात इंजिन चालू ठेवून फट लावायला सांगितलंय. त्यात तेल मनगटावर उडतं आणि फट मोजायच्या फिलर गेजची पाती चावली जातात. आम्ही बंद इंजिनावर करतो, असं:

१. वीस मिनिटं गाडी चालवून आणा. मग लगेच व्हॉल्व्हचं झाकण काढा. हातमोजे घाला, एक्झॉस्ट शेजारीच आहे.

२. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४. त्यातून जोड्या पडतात: १ आणि ६, ५ आणि २, ३ आणि ४.

३. पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. सहाव्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकदम हलताना दिसतील, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय. तिथे थांबा. आता पहिल्या सिलिंडरचे दोन्ही मोकळे आहेत, त्यांची फट लावा. मग दुसरा हलताना पाचवा, चौथा हलताना तिसरा, आणि त्याच क्रमाने उरलेले तीन.

४. इनटेक कुठला, एक्झॉस्ट कुठला, हे मॅनिफोल्डच्या नळ्यांच्या रेषेत बघून ठरवा आणि खडूने खूण करा. यात घोळ झाला तर सगळी मेहनत उलटी.

५. स्क्रूला लॉकनट नाही. तो घट्ट आट्यांवरच टिकतो. पाना लावल्यावर जोर लागला पाहिजे. बोटांनी फिरला तर तो स्क्रू बदला.

६. पातं ओढताना लोण्यातून सुरी काढल्यासारखा किंचित अडसर हवा. बाबांनी माझं बोट धरून तो अडसर दाखवला. लिहून कळत नाही ते.

तीस मिनिटांत आटपा, कारण इंजिन थंड होत जातं. मी हे दर वसंतात करते. झाकणाखालचं गॅस्केट फुकटात मिळत नाही, पण दरवेळी नवं घाला.

प्लग, मॅनिफोल्ड आणि तेल

१९७४ पर्यंतच्या हेडमध्ये प्लग पातळ ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या आत असतात. त्या नळीचा तळ हाच प्लगचा वॉशर. नव्या प्लगसोबत आलेला कडीसारखा वॉशर काढून फेका, नाहीतर प्लग खोलवर बसत नाही. नळ्यांवरच्या रबरी कड्या कडक झाल्या की इंजिनाची उजवी बाजू तेलाने माखते आणि लोक उगाच मोठ्या दुरुस्तीच्या गोष्टी करायला लागतात. कड्यांची किंमत नगण्य आहे.

इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकत्र बोल्ट केलेले आहेत. ते गरम झाल्यावर सरकले पाहिजेत, म्हणून नट फक्त दहा फूट-पाउंड आवळायचे. हाताला ते सैलच वाटतं. ‘अजून एक झटका’ दिला की महिन्याभरात एक्झॉस्टला चीर. विशेष आकाराचे पितळी आणि जाड वॉशर जिथून निघाले तिथेच परत घाला, आधी फोटो काढून ठेवा.

तेल फिल्टरसह पाच क्वार्ट, पावणेपाच लिटर. पेट्रोल इंजिनाच्या आजच्या तेलात जस्ताचं प्रमाण पूर्वीपेक्षा कमी असतं, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळण्यासाठी. सपाट लिफ्टरच्या जुन्या कॅमला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टला) ते जस्त हवं असतं. मी डिझेल इंजिनाचं १५डब्ल्यू-४० वापरते, बाटलीवर जस्ताचा उल्लेख बघून. फिल्टर काढताना खाली जुनं वर्तमानपत्र अंथरा. तो असा तिरपा बसवलाय की तेल सांडल्याशिवाय निघतच नाही.

शिसं नसलेलं पेट्रोल चालेल का, असं सगळे विचारतात. रोजच्या सौम्य वापरात चालतं. हेड कधी उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक बैठक बसवून घ्या, पण तेवढ्यासाठी उघडू नका.

वीज

गाडी किल्ली फिरवताना चालू होते आणि किल्ली सोडताच मरते? इतरत्र कुठेही शोधू नका. इंजिनामागच्या पत्र्यावर पांढऱ्या चिनीमातीचा, बोटाएवढा तुकडा आहे: बॅलास्ट रेझिस्टर. स्टार्ट करताना वीज त्याला वळसा घालून कॉइलकडे जाते, चालू झाल्यावर त्याच्यातून. तो तुटला की नेमकं हेच लक्षण. वुडवर्ड अव्हेन्यूवर ऑगस्टच्या गर्दीत, जुन्या गाड्यांची मिरवणूक चालू असताना, माझा गेला. शेजारचा नवरा-बायकोचा जोडा कार्बोरेटर उघडा म्हणून सांगत होता. मी डॅशबोर्डमधल्या हातमोज्यांच्या कप्प्यातून दुसरा काढला, एक स्क्रू, दोन पिना, पाच मिनिटं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलंत तरी क्रायस्लरच्या मूळ पद्धतीला हा तुकडा लागतोच. पॉइंट काढून ते मी घातलंय, कारण डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या कुशीखाली खोल आहे आणि पॉइंटसाठी तिथे वाकायला माझी पाठ आता तयार नाही.

दुसरी जागा जास्त गंभीर. डॅशबोर्डमधल्या, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरमधून गाडीची जवळजवळ सगळी वीज जाते, आणि ती इंजिनाकडून आत येते एका प्लास्टिकच्या मोठ्या जोडणीतून. पन्नास वर्षांनी त्यातल्या पिना सैल आणि काळ्या पडतात, तापतात. रात्री दिवे आणि हीटर लावून वीस मिनिटं चालवा आणि मग ती जोडणी हाताने चाचपा. कोमट चालेल. चटका बसला तर जाड तारेने ॲमीटरला वळसा द्या, फ्युजेबल लिंकसकट, म्हणजे जास्त वीज गेली की वितळणाऱ्या तारेसकट. दिव्यांसाठी रिले घाला. हे काम स्वतः जमत नसेल तर वीजवाल्याकडून करून घ्या, पण टाळू नका.

पेट्रोलचा आणि तापमानाचा काटा एकदमच वेड्यासारखे वागले तर टाकी आणि इंजिन दोन्ही ठीक आहेत. काट्यांमागचा व्होल्टेज लिमिटर गेलाय.

स्टार्टर नेहमीसारखा नाही, गिअर असलेला आहे, त्यामुळे एक उंच स्वराची भिरभिर ऐकू येते. तिला इथे ‘हायलंड पार्कचा हमिंगबर्ड’ म्हणतात, कारण क्रायस्लरचं मुख्यालय तेव्हा हायलंड पार्कला होतं. आवाज मंदावला तर आधी बॅटरीची टोकं घासा.

गिअरबॉक्स

टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिक फार थोडं मागतो. तेलाची पातळी गाडी गरम, इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलला असताना बघायची, पार्कमध्ये नाही. महिनाभर उभी राहिलेली गाडी चालू करून लगेच हलली नाही तर घाबरू नका; गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं तेल खाली उतरलेलं असतं. अर्धा मिनिट न्यूट्रलमध्ये चालू ठेवा. आणि चार पोरं जमवून ‘धक्का मारा’ हा आपला उपाय इथे चालत नाही. १९६६ पासून या गिअरबॉक्समध्ये, गाडी ढकलली की तेलाचा दाब देणारा, मागचा पंप नाही. जंपर केबल ठेवा.

हिवाळा

नोव्हेंबरमध्ये रस्त्यावर पहिलं मीठ पडायच्या आत गाडी आत. टाकी काठोकाठ, त्यात स्टॅबिलायझर, मग दहा मैल चालवून ते कार्बोरेटरपर्यंत पोचवा. तेल आताच बदला, एप्रिलमध्ये नाही. वापरलेल्या तेलातलं आम्ल हिवाळाभर बेअरिंगला लागून बसू नये. हँडब्रेक ओढू नका, शू ड्रमला चिकटतात. चाकांना लाकडी ठोकळे लावा. जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरा म्हणजे फरशीची ओल वर येणार नाही.

उंदरांसाठी सगळे सगळं सांगतात: पुदिना, साबण, कापूर. माझ्या गाडीत कापूर ठेवूनही एअर क्लीनरमध्ये घरटं सापडलं, त्यात माझ्याच सीटचा कापूस. आता एअर क्लीनरच्या तोंडाला आणि सायलेन्सरला तारेची जाळी कोंबते, आणि स्टिअरिंगला चिठ्ठी बांधते: ‘जाळ्या दोन’. एका एप्रिलमध्ये मी एकच काढली होती.

आणि हिवाळ्यात मधूनच पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. तेवढ्यात इंजिन गरम होत नाही, फक्त आत पाणी साचतं. चालवायची नसेल तर झोपू द्या.

वही

मैलाचं मीटर पाच आकडी आहे, लाखानंतर पुन्हा शून्यावर येतं. म्हणून वहीशिवाय काही खरं नाही. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर आकडा, गॅलन आणि काही वेगळं ऐकू आलं असेल तर ते. मायलेज हळूहळू घसरताना एका टाकीत कळत नाही, आठ टाक्यांत दिसतं. टायमिंग चेन सैल झाली हे मला वहीतूनच कळलं.

विमा घेताना आधी ठरवलेल्या किमतीचा घ्या. साध्या विम्यात अपघातानंतर कंपनी तिला पन्नास वर्षांची मोटार म्हणून भंगाराच्या भावात मोजेल. झीज होणारे भाग मुबलक मिळतात, दिव्यांच्या कडा आणि दारांच्या पट्ट्या मिळत नाहीत. एखाद्याची मोडीत निघालेली डार्ट दिसली तर इंजिन सोडा, त्या पट्ट्या उचला.

माझ्या हातमोज्यांच्या कप्प्यात आज असं आहे: दोन बॅलास्ट रेझिस्टर, पंख्याचा पट्टा, फ्युजचा डबा, डाव्या चाकांसाठी खडू, आणि कापडात गुंडाळलेली बाबांची फिलर गेज. तिच्यावरचे आकडे झिजून गेलेत. दहाच्या पात्याला त्यांनी एका बाजूला छोटी खाच पाडली आहे, वीसला दोन.